वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चर्चेत आपल्या भागातला रुग्ण कुठे आहे?

धाराशिव जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते २०२२-२३ च्या शैक्षणिक वर्षात, १०० जागांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी आणखी दहा शासकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ अशी ही दहा, आणि त्यांच्या मिळून ९०० जागा. देशातल्या एमबीबीएसच्या जागांनी एक लाखाचा आकडा केव्हाच ओलांडला आहे.

या विषयावरच्या बातम्या जागांच्या, इमारतींच्या आणि प्राध्यापकांच्या रिक्त पदांच्या असतात. ते प्रश्न मोठे आहेतच. या लेखात मात्र मी एका लहान दिसणाऱ्या प्रश्नाबद्दल लिहिणार आहे. या मुलामुलींसमोर वर्गात चर्चेसाठी जो रुग्ण ठेवला जातो, तो कोण असतो? कुठला असतो? आणि त्याची गोष्ट कोण लिहितं?

हा प्रश्न फक्त प्राध्यापकांचा नाही. हीच मुलं उद्या इंटर्न म्हणून, मग बंधपत्राच्या सेवेवर, बेंबळीसारख्या गावाच्या दवाखान्यात रात्रपाळीला बसतील. तिथे पहाटे तीन वाजता तुम्ही तुमच्या आईला किंवा मुलाला घेऊन याल. त्या वेळी त्या डॉक्टरच्या डोक्यात आधी कोणते रुग्ण येऊन गेलेले आहेत, यावर बरंच काही ठरतं.

चर्चेची केस म्हणजे काय?

आपण दवाखान्यात 'केस' हा शब्द रुग्णासाठीच वापरतो. शिक्षणात केस म्हणजे लिहिलेली गोष्ट. रुग्ण आला, त्याने काय सांगितलं, तपासणीत काय दिसलं, एवढं सांगून थांबायचं आणि विचारायचं, आता तुम्ही काय कराल? आठ-दहा विद्यार्थी बसतात, वाद घालतात, मग पुढचा टप्पा उघडला जातो.

ही पद्धत जुनी आहे. १९०० साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा विद्यार्थी वैद्यक शिकत होता. त्याचा खोलीतला सोबती कायद्याचा विद्यार्थी. कायद्याची मुलं खटल्यांवर जेवतानाही भांडतात आणि आम्ही मात्र व्याख्यानं ऐकत पेंगतो, हे त्याला खटकलं. रुग्णांच्या नोंदींवर अशीच चर्चा का होऊ नये, असा लेख त्याने विद्यार्थी असतानाच छापला. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट यांनी ही चर्चा नियमित सुरू केली, आणि त्या रुग्णालयाच्या केसेस आज शंभर वर्षांनीही जगभरचे डॉक्टर वाचतात. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने तर पूर्ण अभ्यासक्रमच अशा प्रश्नांभोवती बांधला.

आपल्याकडे २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख, लहान गटात शिकवणं, वेगवेगळे विषय एकत्र जोडणं, आणि वृत्ती-नीती-संवाद यांसाठी 'एटकॉम' नावाचं वेगळं प्रकरण. मार्च २०२२ पासून त्यात कुटुंब दत्तक कार्यक्रमाची भर पडली. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं आपली मानायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात राहायचं. २०२४ मध्ये अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, न्यायवैद्यक विषयातल्या मजकुरावर गदारोळ झाला, त्या मागे घेतल्या गेल्या आणि सप्टेंबरमध्येच पुन्हा सुधारून आल्या. चर्चा त्या वादाची झाली. पण या सगळ्या बदलाला लागणारा कच्चा माल म्हणजे केसेस, आणि त्या कुठून आणायच्या, यावर फारसं कोणी बोललं नाही.

मग त्या येतात कुठून? बऱ्याचदा परीक्षेच्या तयारीच्या प्रश्नसंचांतून, आणि त्या प्रश्नसंचांचा मोठा भाग अमेरिकेच्या परीक्षांच्या वळणाचा असतो. जंगलात फिरून आलेला माणूस, मांडीवर निशाण्यासारखं लाल वर्तुळ, सांधे दुखतात. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षातलं हुशार पोरगं ओळ पूर्ण व्हायच्या आत 'लाइम डिसीज' म्हणतं. हा आजार गोचिडीमुळे होतो आणि तो प्रामुख्याने अमेरिका-युरोपातला आहे. मराठवाड्यात आयुष्यभर प्रॅक्टिस करूनही तो कदाचित एकदाही दिसणार नाही. त्याच पोराला विचारा की मण्यार चावलेला माणूस दवाखान्यात आल्यावर काय तक्रार सांगतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'साप चावला म्हणून सांगतो.' इथेच खरी अडचण आहे. तो तसं सांगत नाही.

एक केस, चार टप्प्यांत

खालची केस मी रचलेली आहे, यातला कोणीही खरा रुग्ण नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट आपल्या भागातल्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीची वाटेल. केसचं नाव 'पोटदुखीचा मुलगा'.

ऑगस्ट महिना, पहाटेचे साडेचार. प्राथमिक आरोग्य केंद्रात १९ वर्षांच्या मुलाला त्याच्या चुलत्याने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं आहे. 'रात्री चांगला जेवला. दोन वाजल्यापासून पोट लई दुखायलंय म्हणतोय. दोनदा उलटी झाली.' जेवणात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सप्ताहातला उरलेला भात. रात्री आखाड्यावर धाकट्या भावाबरोबर खाली अंथरूण टाकून झोपला होता. ताप नाही, नाडी ९६, रक्तदाब १३०/८०, पोट दाबून पाहिलं तर मऊ. तुम्ही ड्युटीवर एकटे डॉक्टर, सोबत एक सिस्टर. पलीकडच्या खोलीत एक बाई बाळंतपणाच्या कळा देत आहे. पहिल्या पाच मिनिटांत काय कराल, आणि कोणाला काय विचाराल?

इथे थांबायचं. विद्यार्थी भातावर उडी मारतात, मारू द्यावी. शिळ्या भाताने पोट बिघडतंच, म्हणजे तो सुगावा खोटा नाही. आम्लपित्ताचं इंजेक्शन, सलाइन, 'सकाळी बघू' इथपर्यंत गट पोचतो. क्वचित एखादी मुलगी विचारते, 'सर, खाली झोपला होता हे का लिहिलंय?' शिकवणाऱ्याने तेव्हा चेहरा कोरा ठेवावा. हे सांगायला सोपं आहे, पण मास्तरांना गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं.

दुसरा टप्पा. वीस मिनिटांनी मुलगा डोळे मिटून पडला आहे. चुलता म्हणतो, 'रातभर झोप न्हाई त्याला, झोपू द्या.' सिस्टरने पाणी दिलं तर तो म्हणतो, 'गिळायला येईना.' आवाज नाकातून येतो आहे. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. तुमच्या मनात शंका आली म्हणून तुम्ही काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं. ते नीट गोठलं. आता काय?

हा टप्पा मुद्दाम असा लिहिलेला आहे. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घोणस आणि फुरसं यांच्या विषात उपयोगाची आहे. मण्यारीचं विष रक्ताला नाही, नसा आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे इजा करतं. म्हणजे चाचणी नॉर्मल येणारच. ज्याने चाचणीचं नाव पाठ केलं आणि तिचं कारण समजून घेतलं नाही, तो इथे निश्चिंत होतो. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या मागे घरात शिरते, खाली झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की अनेकदा झोपमोडही होत नाही. सुरुवात पोटदुखीने होऊ शकते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान धरता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. खूण नाही, सूज नाही, साप पाहिलेला नाही. तरीही हा सर्पदंशच.

तिसरा टप्पा. तुम्ही मुलाला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तो अकरावर थांबला. कपाटात सर्पविषविरोधी लस आहे. व्हेंटिलेटर नाही, हाताने श्वास देण्याची अँबू बॅग आहे. १०८ ला फोन केला, गाडी यायला पंचवीस मिनिटं. चुलत्याच्या फोनवर मुलाचा बाप ओरडतो आहे की आधी विष उतरवणाऱ्याकडे न्या. रुग्णवाहिकेत त्याच्यासोबत कोण जाणार? तुम्ही गेलात तर बाळंतीण आणि सिस्टर मागे एकट्या. न्यायचं कुठे, धाराशिवला की थेट सोलापूरला?

या टप्प्याला छापील उत्तर नाही. लस लगेच सुरू करायची, तिची ॲलर्जी आली तर ॲड्रेनालिन भरून तयार ठेवायचं, यावर मतभेद नसावेत. नागाच्या दंशात ज्या निओस्टिग्मिनचा चांगला उपयोग होतो त्यावर मण्यारीच्या बाबतीत फार भिस्त ठेवू नये, हेही पुस्तकात आहे. पण सोबत कोण जाईल हे पुस्तकात नाही. बापाला फोनवर काय सांगायचं हेही नाही. मी पाहिलेल्या चर्चांमध्ये सर्वांत जास्त आवाज इथेच चढतो. कोणी म्हणतं, बापाला खडसवायचं. मग एखादा शेतकऱ्याचा मुलगा म्हणतो, 'खडसवलं तर ते उचलून घेऊन जातील. त्यांना म्हणायचं, तुमच्या माणसाला दवाखान्यात बोलवा, इथेच काय करायचं ते करू द्या, पण सलाइन काढायचं नाही.' हे बरोबर की चूक, यावर अर्धा तास जातो. जावा.

चौथा टप्पा छोटा आहे. मुलगा मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहे. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही, हातपाय हलत नाहीत. नातेवाईक विचारतात, 'मेंदू गेला का? मशीन काढायची का?' गटाने उत्तर द्यायचं. उत्तर असं की मण्यारीच्या विषात सगळे स्नायू लुळे पडल्यामुळे माणूस मेंदू मृत झाल्यासारखा दिसू शकतो आणि तरी आतून पूर्ण शुद्धीवर असू शकतो. तो पलंगाशेजारचं बोलणं ऐकत असतो. श्वास चालू ठेवला तर काही दिवसांत हात हलतो, डोळे उघडतात. हे कळल्यावर वर्ग शांत होतो.

आकडे पाहिले तर ही केस चैनीची नाही हे दिसेल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्यात ठरलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करा असं राज्यांना कळवलं गेलं. लस आणि व्हेंटिलेटर पोचवणं हा त्याचा एक भाग झाला. पोटदुखी ऐकून 'रात्री कुठे झोपला होतास?' असं विचारणारा डॉक्टर तयार करणं हा दुसरा, आणि तो कुठल्याही खरेदीच्या यादीत येत नाही.

घामाने भिजलेले दोन शेतकरी

चांगली केस लिहिण्याची एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. सुरुवात सारखी असलेले दोन रुग्ण शेजारी ठेवायचे.

सोयाबीन काढणीचे दिवस. दुपारी दोन जण दवाखान्यात येतात. दोघेही घामाने चिंब, दोघांना उलट्या, तोंडाला लाळ, दोघेही घाबरलेले. एकजण सकाळी गंजीचा ढीग उचलत होता. दुसरा शेजारच्या शिवारात फवारणी करत होता. पहिल्याला विंचू चावला आहे, दुसऱ्याला कीटकनाशकाची बाधा झाली आहे. ॲट्रोपिन हे औषध दुसऱ्याचा जीव वाचवतं. पहिल्याला तेच दिलं तर हृदयावरचा ताण वाढून नुकसान होऊ शकतं. तर मग कुठल्या गोष्टींवरून वेगळं ओळखाल? फवारणीवाल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, कपड्यांना वास. विंचवाच्या रुग्णाचे हातपाय बर्फासारखे थंड, दंशाच्या जागी कळ, नाडी धावते, रक्तदाब चढतो. पण विंचवाच्या विषातही सुरुवातीचा काळ फसवा असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर विसंबायचं नाही. औषधाची बाटली घेऊन यायला कोणाला पाठवाल, हा प्रश्न इथे स्टेथोस्कोपएवढाच महत्त्वाचा.

या दोन्ही रुग्णांमागे महाराष्ट्राचा खरा इतिहास उभा आहे. विंचूदंशाचं आजचं ज्ञान मोठ्या संशोधन संस्थेतून आलेलं नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडमधल्या महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने तरुण माणसं आणि मुलं मरत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला काय बदलतं याची नोंद करत राहिले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हृदयावरच्या परिणामाची पूर्वसूचना देणारी लक्षणं मांडली. १९८६ मध्ये प्राझोसिन या साध्या, तोंडाने द्यायच्या औषधाचा उपयोग त्याच नियतकालिकात आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्काराची बातमी विद्यार्थ्यांना माहीत असते. पण त्या कामाचा गाभा म्हणजे नीट लिहिलेल्या केसेस होत्या, हे त्यांना क्वचितच कोणी सांगतं. आरोग्य केंद्रातला एमबीबीएस डॉक्टर काय लिहू शकतो याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे मला तरी माहीत नाही.

फवारणीच्या बाजूला यवतमाळ आहे. २०१७ च्या खरीप हंगामात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं. दोन-तीन औषधं एकत्र मिसळणं, उंच वाढलेली कपाशी, उघड्या अंगाने फवारणी, अशी अनेक कारणं पुढे आली. मिश्रण असल्यामुळे कुठल्या विषावर उपचार करायचा हेच कळणं अवघड. हा विषय विषशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असतो तो बहुतेक 'विष प्यायलेला रुग्ण' म्हणून. श्वासावाटे आणि कातडीवाटे हळूहळू बाधा झालेला, 'उन्हाचा त्रास झाला' म्हणून आलेला मजूर त्यात दिसत नाही. केस लिहायची ती या मजुराची.

जिथे औषध पुरत नाही

आपल्या भागातली आणखी एक केस लिहायलाच हवी, आणि ती लिहिणं सर्वांत अवघड आहे. तिशीच्या आतली ऊसतोड कामगार बाई. 'पांढरं जातंय, कंबर दुखायली.' दोन मुलं. पुढच्या आठवड्यात कोयत्याची उचल घेऊन कारखान्यावर जायचं आहे. सोनोग्राफीच्या कागदावर 'गर्भाशयाला सूज' असं काहीसं लिहिलं आहे आणि तिला सांगितलं गेलं आहे की पिशवी काढून टाकली तर कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल. ती तुम्हाला विचारते, 'काढू का?'

बीड जिल्ह्यातला हा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. शासनाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, म्हणजे जवळजवळ सहापैकी एक. धाराशिवमधूनही दरवर्षी टोळ्या जातात, आणि हद्द ओलांडली की आजार बदलत नाही.

ही केस वाईट लिहिणं फार सोपं आहे. एक लोभी डॉक्टर, एक अडाणी बाई, आणि शेवटी 'नीतिमत्ता पाळावी'. अशी केस वर्गात पाच मिनिटं चालते, कारण सगळे एकाच बाजूला बसतात. खरी केस अशी की बाईला स्वतःलाच शस्त्रक्रिया हवी आहे. पाळीत खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, पाणी नाही. साध्या गोळ्यांनी बरा होणारा जंतुसंसर्ग आहे, पण नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतील आणि तो घेणार नाही असं ती म्हणते. तुम्ही 'नको' म्हटलं तर ती शेजारच्या तालुक्यात जाऊन काढून येईल. आता डॉक्टर म्हणून तुमच्या हातात काय आहे? कमी वयात गर्भाशय, आणि सोबत बीजकोशही काढले तर हाडं, हृदय यांवर काय परिणाम होतात हे तिला तिच्या भाषेत चार वाक्यांत सांगून दाखवा. इंग्रजीत फाडफाड बोलणारे कितीतरी विद्यार्थी या चार वाक्यांत अडकतात. तेवढ्यासाठी तरी ही केस ठेवावी.

'पांढरं जातंय' हे शब्द केसमध्ये जसेच्या तसे राहिले पाहिजेत, हा माझा हट्ट आहे. 'श्वेतप्रदराचा इतिहास' असं लिहिलं की निदान अर्धं होऊन गेलेलं असतं. रुग्ण लक्षणं बोलतो, वैद्यकीय शब्द डॉक्टर बनवतो, आणि हे भाषांतर हेच डॉक्टरचं पहिलं काम. केसने ते आधीच करून दिलं तर मग शिकायचं काय?

अशी चर्चा करायला एमबीबीएस असणंही गरजेचं नाही, हे आपल्या शेजारी जामखेडला सिद्ध झालेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्या नियमाने एकत्र बसायच्या आणि आपल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या. 'तू काय केलंस? मी असते तर काय केलं असतं?' कागदाशिवाय चालणारी केसचर्चाच ती. आपल्याच जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' म्हणून गावातल्या बायकांना तयार केलं, त्याच वाटेने. नव्या वैद्यकीय महाविद्यालयांनी केसेस शोधायला परदेशी संकेतस्थळांवर जाण्याआधी आशाताईंबरोबर एक दुपार बसावं. तालुक्याच्या जनरल प्रॅक्टिशनरना बोलवावं. आमच्याकडे रुग्ण आहेत, फक्त आम्हाला कोणी विचारत नाही. (आणि विचारलं तर आम्ही 'वेळ नाही' म्हणतो, हेही खरं.)

अलीकडे काही जण चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून केसेस लिहून घेतात. मसुद्यासाठी ठीक आहे. पण त्या केसेस फार नीटनेटक्या असतात. प्रत्येक लक्षण निदानाकडेच बोट दाखवतं, नातेवाईक शहाण्यासारखे बोलतात, औषध हाताशी असतं. आमच्या दवाखान्यात रुग्ण चौथ्या वाक्यानंतर मूळ तक्रार सांगतो आणि सोबत आलेला माणूस ती खोडून काढतो. ती गुंतागुंत हाताने घालावी लागते, आणि ती घालायला इथे बसलेलं असावं लागतं.

गाव लहान, ओळख मोठी

स्थानिक केस लिहिण्यात एक धोका आहे, आणि तो मुंबईच्या मोठ्या रुग्णालयापेक्षा आपल्याकडे जास्त. '३४ वर्षांची अंगणवाडी सेविका, नवरा पुण्याला ड्रायव्हर, एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह' एवढं लिहिलं आणि गावाचं नाव घातलं, की रुग्णाचं नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं. महाविद्यालयात शिकणारी मुलं याच जिल्ह्यातली असतात, कोणाची तरी ती मावशी निघते.

डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही, असंही त्यात आहे. लहान गावात मात्र 'ओळख उघड होणार नाही' ही अट पाळणं वाटतं त्यापेक्षा कठीण. म्हणून मी म्हणेन, वय पुढेमागे करा, व्यवसाय बदला, गाव काढून टाका, दोन-तीन रुग्ण मिसळून एक करा. बदलायचं नाही ते फक्त आजाराशी संबंधित असलेलं. पोटदुखीच्या मुलाचं वय १९ ऐवजी २३ चालेल, पण तो खाली झोपला होता हे बदलता येणार नाही. आणि व्हॉट्सॲपवर 'इंटरेस्टिंग केस' म्हणून रुग्णाच्या चेहऱ्यासकट फोटो फिरवणं हे शिक्षण नाही. कोणत्याही गटात, कितीही सीनियर डॉक्टरने केलं तरी.

तुमची गोष्ट वापरू का, असं कोणी विचारलं तर

कुटुंब दत्तक कार्यक्रमातले विद्यार्थी गावांत येतात, वह्या घेऊन प्रश्न विचारतात. रुग्णालयातही प्राध्यापक तुमच्या पलंगाभोवती मुलं उभी करतात. बरेच रुग्ण संकोचाने काहीच बोलत नाहीत. तेव्हा एवढं माहीत असू द्या. माहिती सांगायला नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि नाही म्हटलं म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. हो म्हणताना तुम्ही विचारू शकता की नाव, गाव, फोटो कुठे येणार का, आणि हे फक्त वर्गात राहणार की छापलं जाणार. फोटो नको, बाकी चालेल, असंही म्हणता येतं. संमतीचा कागद मराठीत मागा, वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आपल्या माणसाला वाचायला सांगा.

आणि हो म्हणालात, तर एक करा. मुलांनी नुसतं 'काय होतंय?' विचारलं तरी तिथे थांबू नका. त्रास सुरू झाला तेव्हा तुम्ही कुठे होता, काय करत होता, आधी कोणाकडे गेला होता, कोणी काय सांगितलं आणि दवाखान्यात यायला उशीर का झाला, तेही सांगा. पैसे नव्हते म्हणून झाला असेल तर तसं सांगा, गाडी मिळाली नाही म्हणून झाला असेल तर तसं. पुस्तकात नसलेला भाग तोच आहे.